पोस्टकार्ड न मावणारा दरवाजा

१७ ऑगस्ट १९६७, गुरुवार. सकाळपासून पाऊस. वारा समुद्राकडून, दुपारी जोर वाढला.

मी घिवलीतल्या एका भाड्याच्या घराचा दरवाजा बोलतोय. या दिवसाचं सांगायचं आहे, पण आधी माझ्या जन्माचं सांगतो.

मी मनोरकडच्या रानातलं ऐनाचं झाड. खंडेरावानं मला फळ्यांच्या रूपात बैलगाडीतून घरी आणलं. तो मूळचा सिन्नरचा, इथे वीजकेंद्राच्या बांधकामावर फिटर. लोखंडाचं काम पोटासाठी आणि लाकडाचं हौसेखातर. सुट्टीच्या दिवशी परसात, दोडक्याच्या मांडवाखाली बसून त्यानं मला घडवलं. माझ्या ढलप्या त्याची बायको रखमाबाई चुलीत घाली आणि म्हणे, "याचा वास तरी बरा येतोय."

मार्चमध्ये मी चौकटीत बसलो. घराला मी एकटाच दरवाजा आणि खिडकीला गज. मी इतका नेमका बसलो होतो, की खंडेराव येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात पोस्टकार्ड देई. "घाला बघू फटीत!" पोस्टकार्ड जात नसे. सिन्नरच्या कोरड्या हवेत अशा कामाला मान होता.

जुलैत मी फुगू लागलो. मला कळत होतं, पण लाकडाला अंग चोरता येत नाही. रखमाबाईला आठवा महिना. ती उंबऱ्याला पाय लावून मला ओढी.

"अहो, कडेनं जरा रंधा मारा की."

"पॉलिश खरवडू? दसऱ्याला आपोआप सैल होईल."

"मला तोवर दम निघायला हवा ना!"

तो हसला. रविवारी बघू म्हणाला. रविवारी त्यानं पुन्हा पॉलिशच केलं.

शेजारची हिरा सुकी मासळी घेऊन आली की मला खांद्यानं ढकले. "वयनी, घराला दार लावलाय का शिरगावच्या किल्ल्याचा दरवाजा? भाऊला सांगा, आमी काय लुटाया येत नाय!" रखमाबाई पोट धरून हसायची. मग माझ्याकडे बघून तिचं हसू थांबायचं.

त्या गुरुवारी पावसाचा झोत थेट घरात येऊ लागला, म्हणून तिनं मला पाठ लावून बंद केलं. थोड्या वेळानं तिच्या कळा सुरू झाल्या. महिना बाकी होता. तिनं कडी ओढली. पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा कडी खिळ्यासकट तिच्या हातात आली.

तिनं खिडकीतून हिराला हाका मारल्या. हिरा धावली, मागून तिचा नवरा जानू. त्यानं खांदे मारले, पण मी हललो नाही. कुणीतरी सायकलवरून खंडेरावाला बोलावून आणलं.

तोवर जानूनं घरून कुऱ्हाड आणली होती. खंडेरावानं त्याचा हात धरला. "थांब, फळी फुटेल. पटाशी घालून कड मोकळी करतो." तो गुडघ्यावर बसला. आतून रखमाबाई आधी त्याचं नाव न घेता ओरडत होती. मग नाव घेऊन ओरडू लागली. लग्नानंतर तिनं ते पहिल्यांदाच घेतलं असावं. पटाशी सावकाश चालली होती. माझ्या कडेवरून पातळ, सुबक साल निघत होती.

"भाऊ!" हिरा किंचाळली. "बायको पायजे का दार?"

त्यानं पटाशी टाकली. कुऱ्हाड घेतली आणि माझ्या मधल्या फळीवर घातली. पाचव्या घावाला फळी फुटली. हिरा त्या भगदाडातून आत गेली आणि तिनं रखमाबाईचं डोकं मांडीवर घेतलं.

मग त्यांनी मला बिजागऱ्यांतून उखडलं, माझ्यावर गोधडी अंथरली, रखमाबाईला निजवलं आणि चिखलातून रस्त्यापर्यंत उचलून नेलं. तिथून ट्रकनं पालघरला. एक कोपरा खंडेरावाच्या खांद्यावर होता. तो तिला काही विचारत होता. तिनं माझी कड दोन्ही हातांनी धरली होती.

तुमच्या घरातही माझ्यासारखा कुणी असेल. पावसाळ्यात एकदा त्याला आतून उघडून बघा. घरात जो सगळ्यात अशक्त असेल, त्याच्या हातानं.

रखमाबाई वाचली. मुलगी होती. जन्मल्यावर ती रडलीच नाही.

खंडेरावानं मला पुन्हा चौकटीत बसवलं. फुटक्या फळीवर पत्रा ठोकला, कड दोन बोटं तासली. रखमाबाई मला लावत नाही. पाऊस आत आला तरी ती माझ्यापुढे पाटा ठेवते आणि मला उघडा ठेवते.