वेढ्यांमधली फट

उद्देश

घरी बनवलेल्या यंत्रात बोललेलं रेडिओवर ऐकवणे. शालूनं प्रयोगवहीत एवढंच लिहिलं होतं. खरं म्हणजे उद्या जाफराबादला तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं आणि नववीतून एकच जण जाणार होता. ज्योत्स्ना मॅडमनी बजावलं होतं, "सहाला फोन करीन. तोवर यंत्र बोललं तर तू, नाहीतर ठिबक सिंचनाचं मॉडेल करणारा."

साडेपाच वाजून गेले होते.

निरीक्षण

काही नाही.

कृती

सेल जिभेला लावला. चुरचुरला. ट्रान्झिस्टरचे तीन पाय तीनदा तपासले. रेडिओची सुई या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. एका जागी बाजारभाव, बाकी नुसती फरफर.

"बोललं का गं तुझं डबडं?" ओट्यावर लोकर कातत बसलेल्या बायनाबाईआजीनं विचारलं.

"न्हाई आज्जे. सगळं बराबर हाय, तरी मुकं."

"माझी गुंडाळी तरी बराबर हाय ना?"

साहित्य

हे आधी यायला हवं होतं. तांब्याच्या तारेची गुंडाळी शालूच्या हातून सारखी सुटायची, म्हणून तिनं काल आजीला पेन्सिल दिली अन् म्हणाली, पाच वेढे दे. आजीनं दिले. पन्नास वर्षं लोकर वळलेली बोटं ती. दोन वेढ्यांत केस शिरला नसता.

मॅडमनी यंत्राची जोडणी लिहून दिलेली चिठ्ठी शालूनं पुन्हा उलगडली. घडीत दबलेली ओळ आत्ता दिसली: वेढ्यांमध्ये फट ठेव, चिकटले तर लहरी रेडिओच्या पट्ट्याच्या खाली जातात.

"आज्जे, सैल करावं लागतंय."

टकळी थांबली. "सैल? फट राह्यली की घोंगड्यात वारं शिरतं. माझ्या हातची फट आजवर कोणी पाह्यली न्हाई."

"हितं वाऱ्यालाच वाट द्यायचीय."

"मंग तूच उसव."

"मला तिकडं रेडिओपाशी बसायचंय."

आजीनं दाभण काढलं. "बिलकुल उलटं काम करायला लावती पोरगी."

कृती, पुन्हा

रेडिओ जवळ असला तर यंत्र किंचाळतं, म्हणून यंत्र आजीपाशी ठेवून शालू रेडिओ घेऊन मेंढ्यांच्या जाळीपाशी जाऊन बसली. ओट्यापासून चाळीस पावलं. बाप, मल्हारी, नुकताच कळप आत घालत होता. तिनं हात वर केला. आजीनं पहिली फट पाडली, दाभण बाजूला घेतलं. शालूनं सुई फिरवली. फरफर. दुसरी फट. फरफर. तिसरी.

निरीक्षण

फरफर थांबली.

रेडिओ बंद पडला नव्हता. त्याचा लाल दिवा जळत होता. त्या एका जागी आभाळातला सगळा कल्ला कोणीतरी हात दाखवून गप्प केला होता. ही शांतता आपल्या यंत्राची होती, घरात बनवलेली.

मग त्या शांततेत कोणीतरी श्वास घेतला. नाकातल्या बारीक शिट्टीसकट.

"आज्जे, बोल!" ती ओरडली.

ओट्यावर आजीचे ओठ हलले. शब्द शालूच्या मांडीवरच्या रेडिओत उमटले. "काय बोलू बाई डबड्याला?"

मल्हारीच्या हातातली काठी तशीच राहिली. "आई हितं कवा आल्ती?"

गुडघे गेल्यापासून आजी दोन वर्षं कळपामागं गेली नव्हती. आवाजही खोल गेला होता, अंगणापलीकडं पोचत नव्हता. समोर मेंढ्या दिसल्या तशी तिनं सवयीनं हळूच साद घातली, "हुर्र् याऽ... हुर्र् याऽ..."

जाळीतल्या सगळ्या माना एकदम वर झाल्या. ओट्याकडं नाही. रेडिओकडं. एक म्हातारी मेंढी पुढं आली आणि तिनं जाळीतून नाक काढून रेडिओ हुंगला.

फोन वाजला.

"चालू झालं का गं?" मॅडम म्हणाल्या.

शालूनं फोन रेडिओपाशी धरला. आजी एकेका मेंढीचं नाव घेऊन चौकशी करत होती.

"कोण बोलतंय?"

"आज्जी."

"कोणाशी?"

शालूनं सांगितलं.

"सकाळी सातच्या एसटीला उभी राहा," मॅडम म्हणाल्या. "आणि त्या वेढ्यांना आता हात लावू नकोस."