टँकर अनुभव

सुंदररावांनी दूधसंस्था काढली, ती चाऱ्यावाचून बंद पडली. उपसा सिंचन संस्था काढली, तिचं तळंच आटलं. म्हणून सलग तिसऱ्या दुष्काळात त्यांनी पाणी लागणारच नाही अशी संस्था काढली : ग्रामीण पर्यटन सहकारी संस्था. अध्यक्ष अर्थातच तेच. किराणा दुकानदार महारुद्र सेक्रेटरी झाला. सरकारी योजनेत निम्म्या सभासद बायका हव्यात अशी अट होती, म्हणून साखर घ्यायला आलेल्या बायकांच्या त्यानं दुकानातच सह्या घेतल्या.

त्यातली एक सत्यभामा. तिचं अंगण मोठं आणि भाकरी नामी, त्यामुळे पाहुणे तिच्याकडे उतरवायचे ठरले.

"पाहुण्यायला गाव अस्सल वाटाया पायजे," सुंदरराव म्हणाले.

"गाव अस्सलच हाय की," सत्यभामा म्हणाली. "अजून काय करायचं?"

नांदूरघाटमार्गे पुण्याचे सहा पाहुणे आले. बैलगाडीची सफर ठरली होती. पण बैल चारा छावणीत होते. सुंदररावांनी गाडी ट्रॅक्टरला जोडली. पाहुणे धूळ खात गावाला वळसा घालून आले आणि गुमान मोबाइल बघत बसले.

तेवढ्यात टँकरचा भोंगा वाजला. सत्यभामानं तव्यावरची भाकरी उतरवली, दोन घागरी उचलल्या आणि ती पळाली. पाहुण्यांना वाटलं हाही कार्यक्रमच, तेही पळाले. टँकर विहिरीत रिकामा झाला आणि विहिरीवर ढकलाढकली, पोहरे, शिव्या. एका बाईंनी घागर कमरेवर घेऊन फोटो काढून घेतला, निम्मं पाणी साडीवर सांडलं आणि त्या हसत म्हणाल्या, "काय जिवंत अनुभव आहे हो!"

सांडलेल्या पाण्याकडे सत्यभामा बघत राहिली.

पुढच्या महिन्यात संस्थेच्या पत्रकात छापून आलं : सकाळी दहा, टँकर अनुभव. सुंदररावांनी ड्रायव्हरला गाठून शनिवार-रविवारची वेळ पक्की केली. बायकांनी नऊवारी नेसून यावं, असं महारुद्रानं घरोघर सांगितलं. बाकीच्या दिवशी टँकर मनाला येईल तेव्हा यायचा. कधी यायचाच नाही. पण दर शनिवारी मोटारी मात्र वाढत गेल्या.

त्यातल्याच एका पाहुण्यानं फोटो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत पाठवले. साहेबाला लाज वाटली असावी. जीप आली. दोन कोसांवरच्या धरणातून जुनी पाइपलाइन दुरुस्त करून देतो, म्हणाला. फक्त गावातल्या संस्थांची हरकत नको.

सुंदररावांना रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मंदिरापुढे सर्वसाधारण सभा बोलावली. महारुद्रानं ठराव वाचला : "नळामुळे गावाच्या पर्यटनावर विपरीत परिणाम होणार असल्याने संस्थेची सदर योजनेस हरकत आहे."

सत्यभामा उठली. चारचौघांत ती कधी बोलली नव्हती.

"सुंदरराव, नळाला हरकत कावून?"

"सत्यभामाबाई, तुमी समजून घ्या. नळ पुण्यातबी हाय. तो बघाया इथं कोण येईल?"

"न्हाई आलं कुणी तर न्हाई. आमी काय तहानेनं पळून दाखवायला बसलोत का? माज्या हातची भाकर खायला जो येईल, तो येईल."

"संस्था बुडंल!"

"दोन बुडल्याच की तुमच्या," मागून छबुबाई म्हणाली. "तवा कुठं पाणी व्हतं?"

हशा उसळला. मतासाठी महारुद्रानं हात वर करायला सांगितले. ठरावाच्या बाजूनं पाच हात आले, त्यातला एक त्याचा स्वतःचा. विरोधात बायकांचे सगळे हात वर गेले. त्यांच्या सह्या नेमक्या कशावर घेतल्या होत्या, ते बायकांना त्या दिवशी उमगलं. त्याच सभेत हात वर करून अध्यक्षपदही त्यांनी सत्यभामाकडे दिलं.

चार महिन्यांनी नळ आला, एक दिवसाआड का होईना. मोटारी कमी झाल्या. मोजके पाहुणे येतात, अंगणात बसून पिठलं-भाकरी खातात, सत्यभामाशी बोलतात. एक जण कुरकुरला, "गावात पूर्वीचं काही राहिलं नाही."

"न्हाई राह्यलं," सत्यभामा म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

सुंदरराव सध्या नळ वापरकर्त्यांची सहकारी संस्था काढायच्या खटपटीत आहेत.