टिंबळ

आजारपणानं थोरल्याचे सगळे शब्द पळवले आणि नेमका एक मागे ठेवला. तो त्याच्या मुलाला कळत नव्हता, डॉक्टरांना कळत नव्हता, आणि धाकट्या भावाला कळत होता, पण त्याच्यानं तो सांगवत नव्हता.

"टिंबळ," हॉस्पिटलच्या खाटेवरून थोरला पुन्हा म्हणाला आणि धाकट्याकडे बघत राहिला.

"काका, काय म्हणतायत हो बाबा सारखं?" पुतण्या वाकून म्हणाला. "पाणी हवंय का? कूस बदलायची आहे का?"

"असेल काहीतरी," धाकटा म्हणाला आणि उगाचच चादरीचं टोक सारखं करत बसला. डॉक्टरांनी तर स्वच्छ सांगितलं होतं, त्यांना सगळं समजतं, फक्त बोलताना शब्द सापडत नाहीत. एक मात्र सापडत होता.

दोघा भावांचं शिवणाचं दुकान होतं, शिंप्यांच्या गल्लीत अगदी तोंडाशी. थोरला कापायचा, धाकटा गिऱ्हाईक सांभाळायचा. त्या गल्लीची स्वतःची एक बोली होती आणि काजं करणाऱ्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे ती बोलायचे, गिऱ्हाइकाच्या नाकावर टिच्चून. बढाया मारणारा आला की तो फुगा. ट्रायलवर ट्रायल मागून जीव नकोसा करणारा तो गोचीड. फुगा समोर उभा राहून मान ताठ करून माप द्यायचा आणि आतल्या मशिनवरचे हसू दाबता दाबता टाके चुकवायचे.

टिंबळ हा मात्र हसण्याचा शब्द नव्हता. एखादा हौसेनं कापड घेऊन यायचा आणि त्यात न मावणारा कोट मागायचा. थोरला कापड टेबलावर पसरायचा, त्यावरून हात फिरवायचा आणि मान वर न करता पुटपुटायचा, "टिंबळ." म्हणजे हे पुरत नाही. कात्री लावली की वाटोळं होईल. आहे तसं, मानानं परत कर. त्यावर धाकट्यानं "गुंडी" म्हणायचं. म्हणजे ऐकलं, आता माझ्यावर सोड. गुंडी मिळाल्याशिवाय थोरला त्या कापडावरचा हात उचलायचा नाही. मिळाली की खुशाल पुढच्या कामाला लागायचा, कारण धाकट्यानं गुंडी देऊन काम केलं नाही, असं कधी झालंच नव्हतं.

पुढे तयार कपड्यांनी गल्लीचं कंबरडं मोडलं. मशिनं गेली, माणसं गेली, आणि बोलायलाच कुणी उरलं नाही म्हटल्यावर शब्दही गेले. घरात तर ते कधी आलेच नव्हते. "पोरगं शिकतंय, त्याच्या तोंडी गल्लीची भाषा नको," असा थोरल्याचा दंडकच होता. एकदा धाकट्याच्या तोंडून जेवताना फुगा निसटला तर थोरल्यानं असे डोळे वटारले की घास घशात अडकला. केवढा शहाणपणा केला होता दोघांनी! आता भोगा.

डॉक्टर येऊन गेले. डोक्याचं आणखी एक ऑपरेशन करता येईल, म्हणाले. आशा फार नाही. नाही केलं तर घरी न्या, आहेत तेवढे दिवस आहेत.

"करायचं," पुतण्या लगेच म्हणाला. त्याचे डोळे रडून सुजले होते.

"टिंबळ," थोरला म्हणाला. या वेळी जोरात.

धाकट्याला राहवलं नाही. पुतण्याला दाराबाहेर नेऊन त्यानं सगळं सांगितलं; कापड, कात्री, मानानं परत करणं. सांगताना त्याचं त्यालाच ते पोरकट वाटायला लागलं.

पुतण्यानं ऐकून घेतलं. पोरगा वाईट नव्हता, उलट फार मायेचा होता. "काका, हा शब्द तुमच्याखेरीज अजून कुणाला येतो?"

धाकट्यानं आठवून पाहिलं. काजवाला गेला. इस्त्रीवाला गेला. कोपऱ्यावरचा अस्तरवाला होता, पण त्याला आता स्वतःचं नावही आठवत नव्हतं. "कुणाला नाही."

"मग मी काय करू, सांगा ना. जो शब्द मी जन्मात ऐकला नाही, त्यावर बाबांना सोडून देऊ? आणि तुमचा अर्थ चुकला असेल तर?"

"चुकत नाही रे."

"पण चुकला तर?"

आयुष्यभर गोड बोलून माणसं परत पाठवली, त्या माणसाला आज घरच्या पोराला एक वाक्य पटवता येईना. पुतण्याच्या जागी आपण असतो तर आपणही हेच केलं असतं, हे त्याला कळत होतं. त्यानं हात टेकले.

थोरल्याला स्ट्रेचरवर घेतलं. लांबलचक बोळातून धाकटा बाजूनं चालत होता. थोरल्यानं त्याचं मनगट धरलं होतं, कापडावर ठेवायचा तसाच हात पसरून, आणि तो परत परत तेच म्हणत होता. "टिंबळ. टिंबळ." इतके दिवस तो का थांबत नव्हता, ते धाकट्याला आत्ता उमगलं. त्याला उत्तर मिळालं नव्हतं.

ऑपरेशन थिएटरच्या दारापाशी नर्स म्हणाली, "इथून पुढे नाही येता येणार, बाबा. सोडा त्यांचा हात."

"मी नाही धरलेला," धाकटा म्हणाला.

थोरला त्याच्याकडे बघत होता. धाकटा वाकला, आणि त्याच्या कानाशी म्हणाला, "गुंडी, दादा."

थोरल्याचा चेहरा सैल झाला. त्यानं मनगट सोडलं, डोळे मिटले आणि घरी निघाल्यासारखा निवांत पडून राहिला. मग स्ट्रेचर आत गेलं.