छताखालची फळी

आमच्या इमारतीतली छतं मार्गशीर्षापासून खाली यायला लागली. सगळ्या मजल्यांची एकदमच, कुणावर अन्याय नाही. सकाळी नळाला पाणी आलं की छत थोडं उतरायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत गप्प राहायचं. प्लास्टरला साधा तडाही जायचा नाही. आम्ही आधी पंखे काढले, मग ट्यूबलाइट भिंतींवर घेतल्या, मग सुताराकडून दारं वरून तासून घेतली.

लोकांनी फारसं मनाला लावून घेतलं नाही. सोसायटीचे चेअरमन पाटणकर यांनी पार्किंगमध्ये सभा घेतली, आणि सगळ्यांनी फर्निचरचे पाय कापून घ्यावेत असं एकमताने ठरलं. सुतार घरोघर फिरून टेबलं, खुर्च्या, पलंग बसके करत गेला. कापलेल्या पायांचा ढीग जिन्याखाली साठला. माणसं सुरुवातीला मान खाली घालून चालायची, पुढे कमरेत वाकून, पुढे गुडघ्यांवर.

"एका अर्थी बरंच झालं," पाटणकर म्हणाले. "हल्लीची पोरं वाकत नव्हती."

माझा नवरा शशांक चांगला उंचापुरा माणूस. तो कुणी सांगायच्या आतच वाकला आणि मग सरळ व्हायचं विसरून गेला. रस्त्यावर, त्याच्या बँकेत कॅशच्या खिडकीमागे, भाजी घेतानाही तो माझ्या कमरेइतकाच असायचा. भाजीवाली त्याला पिशवी हातात न देता गळ्यात अडकवायची. मी घरात वाकत होते, नाही असं नाही. पण इमारतीच्या बाहेर पाऊल टाकलं की मी पाठ सरळ करायचे, आणि मणके एकेक करून बोटं मोडल्यासारखे वाजायचे.

पाडव्याला सोसायटीत गुढ्या आडव्या उभारल्या.

"आडवी उभारली म्हणजे काय?" मी शशांकला विचारलं.

"भावना महत्त्वाची," तो म्हणाला.

त्याने काठी जमिनीवर ठेवली, टोकाला साडी आणि साखरेची गाठी बांधली, तांब्या पालथा घातला. तांब्या घरंगळत दारापर्यंत गेला. शशांकने रांगत जाऊन तो आणला आणि पुन्हा घातला. मला भयंकर राग आला. श्रीखंडाची वाटी मी बाजूला सारली. ताटावरून उठले, डोकं छतावर आपटलं, आणि तशी अर्धवट उभी असतानाच मी ठरवलं की चढाईच्या सरावाची फळी बनवायची.

इगतपुरीच्या पलीकडे, मुख्य रांगेपासून सुटलेला एक सुळका आहे. त्याचं नाव उभी. लग्नाच्या मांडवात बस म्हटल्यावर न बसलेली नवरी, असं खालच्या वाडीतली माणसं सांगतात. मी आणि दोरीवरची माझी जोडीदार नसीम गेल्या हिवाळ्यात तिच्या खांद्यापर्यंत पोहोचलो होतो. खांद्याखाली कडा अंगावर येतो. तिथे माझी बोटं उघडली आणि मी दोरीला दुधी भोपळ्यासारखी लोंबत राहिले. परत जायचं तर बोटं तयार हवीत, बोटांना फळी हवी, आणि फळीला उंची लागते. घरातली उंची रोज कमी होत होती, तेव्हा घाई करणं भाग होतं.

प्लायवुडचा मोठा तक्ता आणून त्याला मागून चौकट ठोकली. पकडींसाठी जिन्याखालचे पाय उचलले. जुनं सागवान, असं आता मिळत नाही. पलंगांचे गोल पाय उभे चिरले, खुर्च्यांच्या पायांच्या बोटभर पट्ट्या केल्या. कडा पॉलिश पेपरने घासल्या, कारण धारदार कड बोटं सोलते. फार गुळगुळीतही करायचं नसतं, घाम आला की हात सटकतो. मग एकेक पकड बोल्टने आवळली. फळीचं वरचं टोक बिजागऱ्यांनी छताला जोडलं आणि खालचं भिंतीच्या कोपऱ्यात रोवलं, म्हणजे ती अंगावर झुकून राहील. सुळक्याला हात लावायच्या आधी पायथ्याशी नारळ फोडतो, तसा फळीपुढे फोडला. खोबरं शशांकने खाल्लं.

छत उतरत गेलं तशी फळी जास्त जास्त झुकत गेली. दुसरी कुणी रडली असती. मला तर हा फुकटचा मास्तर मिळाला. आज जमलेली चाल उद्या अवघड होऊन समोर यायची आणि मी तिला परवापर्यंत जमवायचे. मे महिन्यात फळी जमिनीला जवळजवळ समांतर झाली, तेव्हा मी तिचं खालचं टोकही उचललं आणि ते छतालाच आवळून टाकलं. उरलेल्या पकडी पुढे थेट छतात ठोकत गॅलरीपर्यंत नेल्या. बोल्टांची टोकं वरच्या मजल्यावर फरशीतून निघाली असणार, पण तक्रार आली नाही.

नसीमला फोन केला. ती जुन्या नाशकात राहते.

"आमचं छत ठीक आहे गं," ती म्हणाली. "भिंती जवळ यायला लागल्यात."

"मग काय करतेस?"

"पाठ एका भिंतीला, पाय दुसऱ्या भिंतीला. मध्येच राहते. जेवण पण तसंच. उभीला कधी जायचं?"

"इथलं आटपलं की."

तळमजल्यावरचे देवचक्के सगळ्यांत आधी जमिनीला पाठ टेकून झोपले. ते काही उठले नाहीत. त्यांच्या मागोमाग ज्यांनी ज्यांनी पाठ टेकली, ती टेकलीच. दुखत नाही, असं ते पडल्यापडल्या सांगायचे. आवाज समाधानी होते, आणि मला त्याचीच भीती वाटायची.

एका संध्याकाळी पाटणकर पोटावर सरपटत आमच्याकडे आले. मी छताला लोंबत होते. त्यांनी मान तिरकी करून फळी न्याहाळली.

"हा आमच्या डायनिंग टेबलाचा पाय."

"तुम्ही टाकलात."

"टाकला म्हणजे दिला असं होत नाही, वहिनी. आणि लोकांचं म्हणणं आहे की तुमच्या बोल्टांनीच छत ओढलं जातंय."

"छत मार्गशीर्षापासून येतंय. मी फळी पाडव्यानंतर लावली."

"महिन्यांचं सोडा. सगळी इमारत वाकते, तुमचंच काय हे मोडेन पण वाकणार नाही?"

"मोडायचंही काही ठरवलेलं नाही मी," मी म्हणाले आणि हात बदलला.

त्यांनी सुस्कारा सोडला. रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, उरलेले सगळे एकत्र पाठ टेकणार होते. तोवर फळी उतरवायची. खोलीत कुणी लोंबत असलं तर छत नीट बसत नाही, असं त्यांनी मला समजुतीने सांगितलं. जाताना त्यांना वळता येईना. शशांकने त्यांना पाय धरून दारापर्यंत ओढलं.

"तू टेकणार आहेस?" मी शशांकला विचारलं.

"सगळेच टेकतायत."

"मी तुला विचारलं."

"मला तुझ्यासारखं जमायचं नाही," तो म्हणाला. "तूच ये ना खाली. सवय होते."

हे तो इतक्या मायेने म्हणाला की मला रडू आलं. नुसतं सांगून वाकवणारा असता तर मी केव्हाच सोडून गेले असते. पण मला उभं राहायचं होतं आणि तोही हवा होता, आणि या खोलीत दोन्ही मावत नव्हतं.

रविवारी वरण-भात झाला. ताटं विसळून मी हातांना पावडर लावली, चढाईचे बूट घातले आणि फळीवर गेले. पायांची बोटं एका पट्टीवर अडकवली, हातांची दुसऱ्या. इमारतभर माणसं पाठ टेकत असल्याचा आवाज आला, ओली सतरंजी जमिनीवर टाकावी तसा. शशांक माझ्या बरोबर खाली निजला. छत पहिल्यांदाच न थांबता उतरू लागलं.

मी मान वळवली. त्याचा चेहरा वीतभर अंतरावर होता.

"खाली ये," तो म्हणाला.

"तू वर ये."

"आता कुठे वर."

"मला तुझा राग येतोय, शशांक."

"येऊ दे. पाठ टेकली की तोही जातो म्हणतात."

त्याचे खांदे अजून जमिनीला टेकले नव्हते, हे मी पाहिलं. तेवढं पाहिलं आणि निघाले. पलंगाचा पाय, स्टुलाचा पाय, पाटणकरांच्या टेबलाचा पाय. माझी वेणी शशांकच्या छातीवरून घासत गेली. त्याच्या पलीकडे पोहोचले तोवर पाठ जमिनीपासून बोटभरच वर राहिली होती. श्वास पूर्ण घेतला तर पाठ टेकेल, म्हणून अर्धाच घेत होते. गॅलरीचं ग्रिल दबून चपटं झालं होतं. त्याच्यावरच्या फटीतून मी एक हात बाहेर काढला, वरच्या मजल्याची कड चाचपली, आणि आधी डोकं, मग कंबर, मग पाय असं सगळं उन्हात ओढून घेतलं.

बाहेरून बघितलं तर चार मजले एकावर एक ठेवलेल्या भाकरींइतके उरले होते. एका दमात मी गच्चीच्या कठड्यावर होते.

गच्चीवर काही नव्हतं. मला वाटलं होतं, निदान एखादा डोंगर तरी येऊन बसला असेल. कुणीतरी साडीवर कुरडया वाळत घातल्या होत्या आणि साडी उडू नये म्हणून कोपऱ्यांवर विटा ठेवल्या होत्या. एवढ्यासाठी वाकायला लावलं सगळ्यांना. मी पाय रोवून सरळ उभी राहिले आणि तोंडात आली ती शिवी दिली. कुणाला ते ठरलं नव्हतं.

मग कठड्यावर पोटावर पडले आणि खाली हाक मारली.

"शशांक."

फटींतून वरण-भाताचा वास येत होता. कुठूनतरी पाटणकरांचा आवाज आला, अगदी शांत.

"छत नीट बसलेलं नाही. कोण हलतंय?"

त्यांनी पुन्हा विचारलं. मग कठड्याच्या खालच्या कडेवर चार बोटं आली. मऊ, नोटा मोजणारी बोटं, नखं पांढरी पडलेली. कड जेमतेम अर्ध्या पेराची होती. माझा हात आपोआप पुढे गेला आणि मी तो मागे घेतला. अशा वेळी माणसाला ओढायचं नसतं, ओढलं की आहे ती पकडही सुटते.

"अंगठा आत घे," मी म्हणाले.

अंगठा हळूच आत वळला.