परवान्यावरचा फोटो

मास्तर एका पार्लरमध्ये मालिश करायचे. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, पण लचकलेली मान घेऊन आलेला माणूस त्यांच्या टेबलावरून सरळ होऊन उठला, की आपसूक त्यांना ‘मास्तर’ म्हणायचा. तेच नाव पडलं. लहानपणच्या तापात त्यांचे डोळे गेले होते. पापण्या खोल गेलेल्या, कायमच्या मिटलेल्या. त्यांची बायको त्याच पार्लरमध्ये पुढच्या खोलीत केस कापायची. मध्ये नुसता पडदा. पुढे कात्रीची कचकच, मागे तेलाचा वास, आणि दिवसभर पडद्याआडून दोघांची थट्टामस्करी.

या कामाचा परवाना दोघांनाही दरवर्षी नवा करावा लागे. दोघं कचेरीत जायची, रांगेत ताटकळायची आणि शिक्का मारून घेऊन यायची. त्या वर्षी कचेरीतली खिडकीच बंद झाली. सगळं मोबाइलवर आलं. चहा उकळेपर्यंत बायकोने आपला परवाना काढलासुद्धा.

"अहो, झालं! उगाच इतकी वर्षं पाय मोडून घेतले आपण."

"मग माझाही काढून टाक."

तिने मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरला. आतून गोड आवाज आला, "कॅमेऱ्याकडे पाहा. डोळे मिटा. डोळे उघडा."

"बाईंना सांग," मास्तर हसून म्हणाले, "मिटायचं काम मी आधीच करून ठेवलंय."

"डोळे उघडा," आवाज पुन्हा म्हणाला. मग लाल अक्षरं आली : समोर जिवंत व्यक्ती आढळली नाही.

बायकोने ती वाचून दाखवली नाही. "नेट नाहीये," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच कचेरीत गेली. कारकून ओळखीचा होता. "वहिनी, माझ्या कंबरेला मास्तरांचाच हात लागलाय," तो म्हणाला. "पण माझ्याकडे आता शिक्काच राहिला नाही. मोबाइलवर तक्रार टाका." तिने टाकली. उत्तर आलं : उजेडात बसून पुन्हा प्रयत्न करा. तिने खिडकीत बसवून पाहिलं, गच्चीवर बसवून पाहिलं. मास्तर निमूटपणे बसत, तोंड वर करून.

पार्लरच्या मालकीणबाई वाईट नव्हत्या. तरी एके दिवशी त्यांनी तिला बाजूला घेतलंच. "परवाना नसलेला माणूस सापडला, तर माझ्या दाराला कुलूप लागेल गं. लवकर काहीतरी कर."

त्याच आठवड्यात धाकटा दीर घरी आला. मास्तरांचंच नाक, मास्तरांचीच हनुवटी. तिने सगळं सांगितलं तसा तो म्हणाला, "एवढंच ना? मी मिचकावतो डोळे. माझं काय जातंय?"

"ह्यांना कळलं तर?"

"दादाला कोण दाखवणार आहे फोटो?"

मास्तर आंघोळीला गेले होते. स्वयंपाकघरात भिंतीला टेकून दिराने डोळे मिटले, उघडले. परवाना आला.

"आलं बाई नेट एकदाचं," मास्तर म्हणाले. त्यांनी हौसेने परवान्याची चौकट करून घेतली आणि मालिशच्या टेबलामागच्या भिंतीवर लावायला लावली. वाकडी तर नाही ना, म्हणून ते काचेच्या कडेवरून बोट फिरवून बघायचे. त्या वेळी बायको पडद्यापलीकडे उगाचच कंगवे धूत बसायची.

तपासणीसाठी इन्स्पेक्टर आली ती भर दुपारी. हातात मोबाइल, बोलायला नरम. तिने चौकटीकडे पाहिलं, मग मास्तरांकडे.

"हा फोटो कोणाचा?"

"माझाच. का, वाईट आलाय?"

"यातल्या माणसाचे डोळे उघडे आहेत."

पुढच्या खोलीतली कात्री थांबली. मास्तरांचं तोंड पडद्याकडे वळलं. मग घाईने म्हणाले, "मीच दुसऱ्याला बसवलं होतं. तिला काही माहीत नाही."

"परवाना तुमच्या पत्नीच्याच मोबाइलवरून काढलाय, मास्तर." इन्स्पेक्टरचा आवाज उतरला होता. "मी लिहिलं नाही, तर माझ्यावर येईल."

दोघांचेही परवाने रद्द झाले. मालकीणबाईंनी बायकोला तिच्या कात्र्या कापडात गुंडाळून दिल्या. नजर मात्र दिली नाही.

घरी आल्यावर मास्तर म्हणाले, "मला विचारलं असतंस, तर नको म्हणालो असतो."

"म्हणूनच नाही विचारलं."

"तुझा तरी राहिला असता गं."

दिराचं येणंजाणं हळूहळू बंदच झालं. तिने अर्ज केला, मग त्यावर अपील केलं. मोबाइलवर एकच शब्द दिसायचा, ‘प्रलंबित’. रोज उघडून बघायची, पुढे तेही सोडलं. जुनी गिऱ्हाइकं काही दिवस घरी डोकावली. पण पुन्हा पकडले गेलो तर तिच्यावर खटला होईल, या धास्तीने मास्तर त्यांना दारातूनच परत पाठवायचे. मग गिऱ्हाइकं दुसरीकडे जाऊ लागली.

बायको आता एका धुलाईघरात ओले टॉवेल उचलते. संध्याकाळी येते आणि भिंतीला पाठ लावून बसते. तिच्या श्वासावरूनच मास्तरांना कळतं, की उजवा खांदा भरून आलाय. एकदा त्यांनी हात पुढे केला.

"राहू द्या," ती म्हणाली. "सवय होईल."

हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला. मग त्यांनी तो मागे घेतला आणि मांडीखाली दाबून धरला.