अप्पर लिप बंद

उमाताई कशाने गेल्या हे रहिमतपुरात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त डॉक्टरांना ते नक्की सांगता आलं नव्हतं.

"पार्लर उघडलं म्हणून गेली," गाव म्हणायचं. "लोकांच्या तोंडाजवळ तोंड न्यायचा धंदा, दुसरं काय व्हायचं?" म्हणणारे हळहळत म्हणायचे, आणि हळहळीला कोण काय उत्तर देणार? उमाताईंची लेक अबोली सांगलीत एका कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला होती. तिने हे वाक्य इतक्या जणांकडून ऐकलं होतं की त्यातला स्वल्पविराम कुठे येतो हेही तिला पाठ झालं होतं. आई साताऱ्याच्या दवाखान्यात होती तेव्हा जिल्हा ओलांडायला पास लागायचा. पास आला त्याच्या आदल्या दिवशी आई गेली होती. पासावर प्रवासाचं कारण 'आई आजारी' असंच राहिलं. नाक्यावरच्या पोलिसाने ते वाचलं आणि म्हणाला, "जावा ताई, बऱ्या हुतील."

पहिल्या टाळेबंदीनंतर सरकारने सलून-पार्लर उघडायला परवानगी दिली ती मोठी मजेशीर होती. केस कापा, पण दाढी नको. भिवया करा, पण फेशियल नको. भिवयांचं वाचून उमाताई फोनवर खळखळून हसल्या होत्या. "अगं, दोऱ्याचं एक टोक आम्ही दातात धरतो. म्हणजे मास्क काढल्याशिवाय भिवई व्हायची कशी? हुकूम लिहिणाऱ्याच्या बायकोने त्याला कधी सांगितलेलं दिसत नाही."

मग त्यांनी दोऱ्याचं टोक गळ्यात अडकवायला सुरुवात केली. आरशापुढे बसून आठवडाभर स्वतःच्या पिंढरीवर सराव केला. बायका चेष्टा करायच्या, "उमाताई, गाईगत दावं बांधलंय की वो!" उमाताई म्हणायच्या, "बांधलेली गाय बरी, मोकाट रोगापेक्षा." एक खुर्ची त्यांनी माळ्यावर टाकली. पंखा बंद, खिडकी उघडी. प्रत्येक बाई उठली की खुर्ची स्पिरिटने पुसायची, मगच दुसरी बाई आत. आणि दारावर स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी: आधी फोन करा. एका वेळी एक. फेशियल बंद. अप्पर लिप बंद.

शेवटच्या ओळीवरून गावात बरीच कुरकुर झाली. ओठावरची लव काढायची तर मास्क खाली घ्यावा लागतो, एवढं साधं कारण होतं. "दोन मिनटाचं तर काम," बायका म्हणायच्या. उमाताई ऐकायच्या नाहीत. "सगळ्या पेठेला मिशा फुटल्या तरी चालतील. माझ्या दुकानात मास्क खाली यायचा नाही."

आला नाहीच. तो खाली आला व्यापारी संघाच्या हॉलमध्ये.

संघाचे अध्यक्ष लालासाहेब यांना सत्काराची मनापासून आवड होती. करून घेण्याची तर होतीच, पण करण्याचीही होती, हे त्यांच्याबद्दल खरं बोलायचं तर सांगायलाच हवं. पंधरा ऑगस्टला त्यांनी कोरोना योद्ध्यांचा सत्कार ठेवला. डॉक्टर, औषधवाला, किराणावाला, आणि 'तालुक्यातील सर्वात सुरक्षित पार्लर' म्हणून उमाताई. शाल, नारळ, बंद हॉल, वर पंखे. फोटोग्राफर म्हणाला, "जरा मास्क खाली घ्या, चेहरे दिसत नाहीत." सगळ्यांनी घेतले. उमाताईंनीही घेतला. चारचौघांत आपला मान होत असताना आपणच नियम सांगत बसायचं बरं दिसत नाही.

आठवड्याभरात त्यांना ताप आला. औषधवाल्यालाही आला. किराणावाला उमाताईंच्या आधी दोन दिवस गेला. लालासाहेब पंधरा दिवस पुण्याला जाऊन राहिले, शुगर तपासायला म्हणून. पार्लरमध्ये उमाताईंच्या शेजारी दिवसभर उभी असायची ती फिरदोस. दुकानात बाई यायची होती म्हणून ती त्या दिवशी हॉलमध्ये गेली नव्हती. तिला काही झालं नाही. पार्लरमध्ये येणाऱ्या एकाही बाईला काही झालं नाही. पण ही बेरीज गावात कुणी केली नाही, कारण बेरीज करण्याएवढी शहाणी बहुतेक माणसं त्या फोटोत उभी होती.

तो फोटो मात्र चांगला आला होता. आई त्यात हसत होती, पूर्ण तोंडाने. वर्षातला तिचा मास्कवाचून असा तो एकच फोटो, म्हणून भिंतीवर लावायला अबोलीने तोच निवडला. फोटोग्राफरने बाकीची माणसं कापली आणि आईला मोठं केलं. तिच्या खांद्यावर शालीचं टोक धरलेला एक हात राहिला, अंगठी घातलेला. "तो काढला तर ताईंचा खांदाच जातो," फोटोग्राफर म्हणाला. अबोली म्हणाली, "राहू दे."

पुढच्या जूनमध्ये पुन्हा बंदी उठली आणि फिरदोसचा फोन आला. एकोणीस वर्षं ती आईबरोबर होती; अबोली तिला आपा म्हणायची.

"अबोली, दुकान मला चालवायला दे. भाडं देईन."

"भाड्याचं राहू दे आपा. बायका येतील?"

फिरदोस म्हणाली, "सगळ्यांना फोन केले. 'बघू' म्हणत्यात. 'बघू'चा अर्थ तुला ठाऊक हाय. तारिक पनवेलला बोलावतोय, 'अम्मी, ये' म्हणतो, तिथं पॅकिंगचं काम हाय म्हणे. मी म्हटलं, ह्यो महिना बघते. एक गोष्ट सांगू का? पोटाचं काय, कुठंबी भरंल. पण हे दुकान असं बंद पडलं ना, तर उमाताईंनीच रोग वाटला असं कायमचं हुईल."

अबोलीने सुट्टी टाकली आणि रहिमतपूर गाठलं. दुसऱ्याच दिवशी लालासाहेब दारात हजर. मास्क हनुवटीवर.

"अबोली, बेटा, काळजी करू नको. रविवारी आपण जाहीर उद्घाटन करू. 'उमाताई स्मृती सुरक्षित पार्लर पुरस्कार' आपल्याच दुकानाला देऊ. ताईंच्या मोठ्या फोटोचं अनावरण माझ्या हस्ते. लोकांच्या मनातली भीती गेली पाहिजे की नाही?"

अबोलीने त्यांच्या अंगठीकडे पाहिलं. "कार्यक्रम रस्त्यावर करू," ती म्हणाली. "आत नको."

"तू म्हणशील तसं. मंडप माझा."

मग म्हणाले, "ताईंचं फार वाईट झालं गं. मी त्यांना म्हणालोही होतो, एवढ्यात उघडू नका म्हणून."

असं ते कधीच म्हणाले नव्हते. पण त्यांचा स्वतःचा त्यावर पूर्ण विश्वास बसलेला दिसत होता. त्यांनी ज्या दु:खाने मान हलवली ते दु:खही खरं होतं. "चहा घेणार?" अबोलीने विचारलं.

शनिवारी दुपारी लालासाहेबांच्या पत्नी सुलाबाई आल्या. महिन्यातलं पहिलं गिऱ्हाईक. त्या खुर्चीत बसल्या, मास्क काढून पर्समध्ये टाकला आणि म्हणाल्या, "बाई, जीव मुठीत धरून आलेय हो इथं. उद्या फोटो आहे म्हणून, नाहीतर आले नसते. भिवया कर आणि वरचा ओठ."

फिरदोस स्पिरिट बाजूला ठेवून म्हणाली, "काकी, मास्क लावा आधी. अप्पर लिप बंद हाय."

"अगं, ती पाटी कवाची! उमा गेली, पाटी राहिली."

"पाटी आहेच, काकी," अबोली म्हणाली. तिने हात धुतले. दोरा गळ्यात अडकवला. भिवया तिला आईनेच शिकवल्या होत्या, कॉलेजच्या सुट्ट्यांत. "आणि ओठ मास्कातच राहणार की उद्या."

"फोटोत कुठला मास्क?" सुलाबाईंनी नाइलाजाने मास्क पुन्हा चढवला. दोन्ही हातांनी पापणी आणि कपाळ ताणून धरलं, डोळे मिटले. असं धरलेल्या बाईला हलता येत नाही, पण बोलता येतं. "फोटोपुरता काढतातच गं. मागच्या वेळी नाही का काढला? मी तर नको म्हणत होते. यायलाच नको म्हणत होते. दोन दिवस अंगात कणकण, चव गेलेली, काढा पिऊन पडले होते. पण हे म्हणाले, अध्यक्षांची मिसेस नसली तर बरं दिसतं का? मग गेले कशीतरी. उमाच्या शेजारीच उभी राहिले. तिचाच हात धरला होता, चक्कर येत होती ना. आई गं! हळू."

दोरा थांबला होता. फिरदोसने हातातलं फडकं खाली ठेवलं.

सुलाबाईंची उजवी भिवई झाली होती, डावी राहिली होती. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि त्या आपल्या हातांनी आपलं कपाळ ताणून, काही झालंच नाही अशा तऱ्हेने वाट बघत होत्या. आपण काय बोललो हे त्यांना कळलं नव्हतं. कळलं असतं तर त्या बोलल्याच नसत्या.

आई म्हणायची, अर्धी भिवई ठेवून गिऱ्हाइकाला उठवायचं नाही. मग ते गिऱ्हाईक कोणीही असो.

अबोलीने डावी भिवई केली. उजवीपेक्षा किंचित चांगलीच झाली. सुलाबाईंनी डोळे पुसले, आरशात पाहिलं. "अगदी उमाचा हात," त्या म्हणाल्या. "पण ओठाचं तेवढं केलं असतंस तर…"

त्या गेल्यावर फिरदोस पुटपुटली, "बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? त्यांना तरी कुठे माहीत होतं."

"त्यांना न्हवतं. गावाला तर ठाऊक पडू दे."

अबोलीने खुर्ची पुसली, पर्स उचलली आणि फोटोग्राफरकडे गेली. "तो पंधरा ऑगस्टचा फोटो हवाय. उद्या सकाळपर्यंत."

"ताईंचा? तो तर दिलाय की मोठा करून."

"न कापता. सगळी माणसं. तेवढाच मोठा."

रविवारी मंडप भरला. मोकळी हवा असल्याने लोक निर्धास्त होते. निम्म्यांचे मास्क हनुवटीवर, उरलेल्यांचे खिशात. पहिल्या रांगेत लालासाहेबांच्या आई हरणाबाई नाकावर पदर धरून बसल्या होत्या. लसीचे दोन्ही डोस घेतल्यापासून त्या कुठलाही कार्यक्रम चुकवत नसत. फोटोवर फडकं टाकलेलं होतं.

लालासाहेब वीस मिनिटं बोलले. उमाताईंनी समाजासाठी बलिदान दिलं, म्हणाले. मग टाळ्यांत त्यांनी फडकं ओढलं.

क्षणभर कुणाला काही कळेना. आईचा मोठा चेहरा दिसेल म्हणून सगळे मान उंचावून होते, दिसली रांग. शाली, नारळ, बत्तिशा. डॉक्टर, औषधवाला, हार घालून कधीच भिंतीवर गेलेला किराणावाला, मधोमध लालासाहेब, त्यांचा हात आईच्या खांद्यावर. पलीकडे आईचा हात घट्ट धरून उभ्या सुलाबाई, डोळे तापाने लाल. फोटोखाली फिरदोसने दारावरची पाटी काढून टांगली होती.

पहिले सावरले ते लालासाहेब. "वा! हा ग्रुप फोटो लावलास होय? छान केलंस! माझा फार चांगला आलाय ह्यात. एक कॉपी मला दे हं, संघाच्या कॅलेंडरवर घेऊ."

अबोलीने ओठ आवळले. एवढ्या विचाराने केलेली गोष्ट कॅलेंडरवर जाणार होती. आईला सांगितलं असतं तर ती हसून हसून खाली बसली असती.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला. "लाला, ह्यात कुणाच्याच तोंडाला फडकं न्हाई रं."

"आई, फोटोपुरतं काढलं होतं."

"व्हय?" हरणाबाईंनी पाटी वाचायला डोळे बारीक केले, वाचता येत नव्हतं, तरी केले. "मंग रोग काय फोटू काढून झाल्यावर येतो म्हनला हुता?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी दोघं-तिघं. लालासाहेबही हसले, आईच्या बोलण्याला हसायची त्यांची पद्धतच होती. पण हसू मागच्या रांगांपर्यंत पोचेपर्यंत विझलं. तिथल्या बायका फोटोकडे बघत होत्या आणि एकमेकींना नावं सांगत होत्या, हलक्या आवाजात. हा गेला. हा ऑक्सिजनवर होता. ह्या पंधरा दिवस पडून होत्या. फिरदोस ह्यात कुठाय? न्हाई. आपल्यातली कोण हाय का? एक बी न्हाई.

सुलाबाईंनी फोटोतल्या स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. त्यांनी पर्समधून मास्क काढून लावला.

फोटोग्राफर पुढे आला. "चला, सगळे या. मास्क…" इथवर म्हणून तो थांबला. कुणी हात वर नेला नाही. फोटो मास्कांतच निघाला. लालासाहेबांचा तेवढा हनुवटीवर होता, तोही हरणाबाईंनी काठी उगारून वर घ्यायला लावला.

मंडप रिकामा होईपर्यंत फिरदोसचा फोन चारदा वाजला. "आधी फोन करा म्हटलंय तर करतायत," ती म्हणाली. "मंगळवारी कोण, माहितीय? डॉक्टरांची बायको. अप्पर लिप विचारत होती. न्हाई म्हटलं."

दुकानात दोघीच उरल्या. भिंतीवर आता आई लहान झाली होती, एका माणसाएवढी, रांगेतली एक. तिचं हसू पाहायला जवळ जावं लागत होतं. कापलेला मोठा फोटो अबोलीने वर्तमानपत्रात गुंडाळला. सांगलीला नेण्यासाठी. खांद्यावरच्या हातासकट.

"गाडीला वेळ हाय," फिरदोस म्हणाली. "बस खुर्चीत. आरशात बघितलंस का भिवयांकडं? उमाताईंनी उभं केलं नसतं दारात."

शेवटच्या वेळी त्या आईनेच केल्या होत्या. अबोली बसली. फिरदोसने हात धुतले, मास्क नीट केला आणि दोऱ्याचं टोक गळ्यात अडकवलं. "ताणून धर," ती म्हणाली. "आणि पाणी आलं डोळ्याला तर येऊ दे. ह्या खुर्चीत सगळ्यांच्याच येतं."