अधिक चौतीस

अर्ध्या किलोचं पितळी वजन मखमलीच्या खळग्यात बसवलेलं. ते हाताने उचलायचं नसतं, चिमट्याने उचलायचं. बोटाच्या घामालाही वजन असतं.

*

स्वयंपाकघरातला नळ पूर्ण उघडा आहे. समोर कोणीतरी उभं आहे, हातात ताट आहे. ताट पाण्याखाली नाही.

*

एका पर्सच्या बाजूच्या खणात, जुन्या बिलात गुंडाळलेली केळ्याची साल. काळी पडलेली, कागदाला चिकटलेली.

*

पांढऱ्या चिकटपट्टीवर निळ्या शाईने, रेखीव अक्षरात: + ३४.

*

"डबा भरायचाय ना तुमचा."

*

ओळीने लावायचं तर दुकानापासून सुरुवात करावी लागेल.

तो पस्तीस वर्षं बाजारातले वजनकाटे तपासायचा. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी सगळे त्याला काटेसाहेबच म्हणत. साहेब आले की दुकानदार आधी पारडं पुसत आणि मग हसत. पेटी उघडायची, प्रमाण वजनं मांडायची, फरक बघायचा. फरक जास्त निघाला की काटा बंद. कोणाचा चहा नाही, कोणाची विनवणी नाही.

आता त्याच्या बायकोला इन्सुलिन सुरू झालं होतं. तिला पेनवरचे बारीक आकडे दिसत नसत, म्हणून इंजेक्शन तोच द्यायचा.

"वर गेलेली शुगर वर्षं खाते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "खाली गेलेली मिनिटं. जेवणाआधी मोजायची. सत्तरच्या खाली दिसली तर इंजेक्शन नाही. आधी साखर द्यायची, मग मला फोन."

हे त्याने वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आणि 'मिनिटं' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या. त्या दिवसापासून तिच्या हातातून चमचा जरी पडला तरी तो धावत जायचा.

औषधांच्या दुकानातल्या बाईने काउंटरवर शुगर मोजायची तीन मशीनं मांडली.

"हे बोलतं. आकडा मोठ्याने सांगतं. हे फोनला जोडता येतं. आणि हे साधं, पण आकडे ठसठशीत."

"यांच्यात फरक किती येतो?"

"किमतीत?"

"मोजण्यात."

तिने साध्या मशीनच्या खोक्यातला घडीचा कागद काढला, उलटसुलट केला. "हे बघा काका. शंभरच्या वर असेल तर शेकडा पंधरा इकडेतिकडे. शंभरच्या खाली असेल तर पंधरा इकडेतिकडे. शंभरातल्या पंचाण्णव वेळा तरी."

"पंधरा?" त्याने चष्मा वर सरकवला. "शंभराला पंधरा? अहो, किलोमागे दीडशे ग्रॅम! मी एवढ्या फरकाला दुकानाचं शटर खाली ओढायला लावायचो."

"काका, रक्त आहे ते. साखरेचं पोतं नाही."

बायकोला हसू आलं. त्याला नाही आलं.

"ज्याच्या पट्ट्या कायम मिळतील ते घ्या," दुकानवाली म्हणाली. "पट्ट्यांच्या डबीचं झाकण घट्ट लावायचं, तारीख बघायची, टोचण्याआधी साबणाने हात धुवायचे. आणि लॅबशी ताडून बघायचं असेल तर दोन्ही रक्तं एकाच वेळची हवीत, मधे काही खाणंपिणं नको. आणि एक. आकडा एक सांगतोय आणि माणूस वेगळंच दिसतंय, असं झालं तर पुन्हा मोजा. पण माणसाकडे आधी बघा."

शेवटचं वाक्य त्याने वहीत लिहिलं नाही. त्यात आकडा नव्हता.

साधं मशीन घेतलं.

*

यंत्र ११८. लॅब १५२.

रिपोर्ट हातात घेऊन तो जेवणाच्या टेबलाशी बराच वेळ बसला. त्या सकाळी त्याने लॅबच्या दाराशी, गाडीतच तिचं बोट टोचलं होतं. उपाशी पोट, हात स्वच्छ, पट्टी नवी. मग तिला उतरवून तो गाडी लावायला गेला. जागा मिळेना. परत आला तेव्हा ती दंडावर कापूस दाबून बाकावर बसलेली होती.

"लगेच नंबर लागला?"

"हो, लगेच."

म्हणजे एकच रक्त, एकच वेळ आणि चौतीसचा फरक. मशीन कमी दाखवत होतं. इतके दिवस आपण शंभर बघून खूश होत होतो आणि आत तिचे डोळे, तिची मूत्रपिंडं चौतीसने जास्त सोसत होती.

काट्याला अशी खोड असते. रिकाम्या पारड्यावरच दहा ग्रॅम कमी दाखवतो, मग पाच किलोवरही दहाच कमी दाखवतो. दुरुस्त होईपर्यंत त्यावर चिठ्ठी लावतात, अधिक दहा. त्याने कात्री घेतली, चिकटपट्टीचा तुकडा सरळ कापला, मशीनच्या पाठीला लावला आणि लिहिलं.

"नवीन आणूया का दुसरं?" बायकोने विचारलं.

"कशाला? चूक कळली की काटा खराब राहत नाही. बेरीज करायची."

*

वहीतलं एक पान:

यंत्र १३८. खरी १७२.
यंत्र १४६. खरी १८०. (भात खाल्ला?)
यंत्र १२९. खरी १६३.
यंत्र १४१. खरी १७५. (सांगूनही.)

"मी काही खाल्लेलं नाही हो."

"मग आकडा खोटं बोलतो का?"

ती नाश्ता निम्मा करू लागली. त्याचा चेहरा बघून दुपारचं जेवणही आखडतं घेऊ लागली. घरातली साखर त्याने डब्यासकट माळ्यावर टाकली. तिच्या बहिणीचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "आमच्याकडे इन्स्पेक्टर परत कामावर रुजू झालेत." दोघी हसल्या. तो दुसऱ्या खोलीतून ऐकत होता. त्याला वाटलं, हसू दे. आंधळी झाली तर कोण हसणार आहे.

*

यंत्र ६१. खरी ९५.

दुपारचे बारा चाळीस. कुकर उतरलेला, भाजी गॅसवर.

"अहो, हात थरथरतायत माझे."

"निम्म्या नाश्त्यावर भांडी घासलीस, म्हणून. पंचाण्णव आहे. इतका चांगला आकडा महिन्यात आला नव्हता."

"आतून कसंतरी होतंय."

वहीचं पहिलं पान त्याला पाठ होतं. सत्तरच्या खाली नाही. पंचाण्णव सत्तरच्या खाली नसतात. त्याने पेन फिरवून दहावर आणलं, तिच्या पोटाची चिमूट धरली, टोचलं आणि मनात दहापर्यंत मोजलं. सुई बाहेर काढली.

"चल, जेवायला घे. उशीर नको."

ती स्वयंपाकघरात गेली. त्याने वहीत वेळ लिहिली. सुई डबीत टाकली, डबीचं झाकण लावलं, पट्ट्यांचं झाकण पुन्हा एकदा दाबून बघितलं. ताटांचा आवाज आला. नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

नळाचा आवाज थांबला नाही.

"अगं?"

नळ.

"अगं, पाणी वाया जातंय."

नळ.

*

ती नळासमोर उभी होती. ताट छातीशी धरलेलं. गळ्याभोवतीचं कापड घामाने काळं झालेलं, केस कपाळाला चिकटलेले. भाजी करपल्याचा वास येत होता आणि तिला तो येत नव्हता.

"काय झालं गं?"

ती वळली आणि हसली. ते हसू तिचं नव्हतं. ओळख नसलेल्या माणसाकडे बघून, उगाच वाईट वाटू नये म्हणून हसतात, तसं होतं.

"डबा भरायचाय ना तुमचा," ती म्हणाली. "उशीर होईल ऑफिसला."

त्याने गॅस बंद केला, नळ बंद केला. ताट तिच्या हातातून सुटेना, बोटं एकेक करून सोडवावी लागली. खुर्चीत बसवलं. मशीन आणलं. पट्टी दोनदा उलटी घातली. तिचं बोट गार होतं आणि ओलं होतं.

यंत्र ४३.

आणि त्याच्या हाताने, पस्तीस वर्षांच्या सवयीच्या हाताने, वही ओढून लिहिलं: खरी ७७.

सत्त्याहत्तर. सत्तरच्या वर. तो त्या आकड्याकडे बघत राहिला. समोर त्याची बायको टेबलाच्या कडेवरून नखाने काहीतरी खरवडत होती, जे तिथे नव्हतं. सत्त्याहत्तर असताना माणूस असं करत नाही. पण आकडा सत्त्याहत्तर आहे. पण ती. पण आकडा.

त्याने मुलीला फोन लावला. ती शाळेत शिकवायची, मधल्या सुट्टीत होती.

"आईला काहीतरी होतंय. मला ऑफिसला पाठवतीये."

"शुगर बघितली?"

"सत्त्याहत्तर."

"मग फार कमी नाही ना... थांबा. मशीनवर सत्त्याहत्तर दिसतंय?"

त्याने वहीतल्या आकड्यावर बोट ठेवलं.

"बाबा, तुम्ही बेरीज करून धरलेलं नकोय मला. मशीनच्या काचेवर काय दिसतंय?"

"त्रेचाळीस."

पलीकडे खुर्ची जोरात सरकल्याचा आवाज आला. "साखर द्या. आत्ता. पाण्यात ढवळून. गिळतीये ना ती?"

"साखर माळ्यावर आहे."

"मग चढा! मी ॲम्ब्युलन्सला फोन करते, हा फोन ठेवू नका, स्पीकरवर टाका."

तो स्टुलावर चढला. त्रेसष्ट वर्षांचे गुडघे. डबा हाताला लागला, निसटला, खाली पडून उघडला. साखर फरशीभर पसरली. तो खाली उतरला, ओंजळीने गोळा केली, पेल्यात टाकली.

"किती चमचे घालू?" तो ओरडला.

"मोजू नका हो, बाबा!"

त्याने पेला तिच्या ओठांना लावला. तिने तोंड फिरवलं. "नको. तुम्ही रागवाल."

"नाही रागावणार. पी. घोट घे. माझी शपथ."

पहिला घोट हनुवटीवरून ओघळला. दुसरा गेला. घशाची हालचाल त्याने डोळ्यांनी पाहिली, मग तिसऱ्या घोटाची, मग चौथ्याची. त्याचे गुडघे साखरेवर टेकलेले होते आणि ते कण कातडीत रुतत होते.

पंधरा मिनिटं थांबून पुन्हा मोजायचं असतं. भिंतीवरचं घड्याळ बरोबर होतं, त्याने स्वतः लावलेलं. त्या पंधरा मिनिटांत त्याने तिला तिचं नाव विचारलं, मुलीचं विचारलं, आज वार कोणता ते विचारलं. तिने आपलं नाव सांगितलं. मुलीचं नाव सांगताना अडखळली, आणि फोनमधून मुलीच्या रडण्याचा आवाज आला. वार सांगता आला नाही.

यंत्र ५८.

त्यापुढे त्याने काही लिहिलं नाही. पुन्हा साखरेचं पाणी. पुन्हा घड्याळ.

*

ॲम्ब्युलन्समधून आलेल्या माणसाने आपलं मशीन काढलं. काटेसाहेबाने आपलं काढलं. एकाच बोटाचं, एकाच थेंबाचं रक्त. दोन पट्ट्या शेजारी शेजारी.

"माझं एकोणनव्वद," तो माणूस म्हणाला. "तुमचं?"

"चौऱ्याऐंशी."

"छान आहे की मशीन. पाचचा फरक म्हणजे काहीच नाही." त्याने मशीन उलटं केलं. "हे काय चिकटवलंय?"

काटेसाहेबाने मशीन परत घेतलं. फोनवरून डॉक्टरीणबाई सांगत होत्या तसं तिला भरवणं चाललं होतं, कारण इंजेक्शनचा जोर अजून तासनतास राहणार होता. "आता माझ्याकडे घेऊन या," त्या म्हणाल्या. "कोणी काही बेरीज-वजाबाकी करू नका."

ती हळूहळू खात होती. वार आठवला होता. फरशीकडे बघून म्हणाली, "हा काय पसारा मांडलाय? मुंग्या येतील."

त्याला हसायचं होतं. तोंडातून वेगळाच आवाज आला.

*

चिकटपट्टी निघाली, गोंद राहिला. नखाने खरवडला तरी चौकोन दिसतोच.

ती झोपली की तो शेजारी बसतो आणि तिच्या पांघरुणाचं वरखाली होणं बघतो. दिवसातून चारदा मोजतो. आकडा येतो तेव्हा आधी तिच्याकडे बघतो, मग काचेकडे. मनातली बेरीज अजून आपोआप होते. ती होते त्याचीच त्याला सगळ्यात जास्त भीती वाटते.

नोकरीत असताना नवीन माणसांना तो एक गोष्ट नेहमी शिकवायचा. एकाच वजनावर काटा पास करायचा नाही. छोटं ठेवा, मधलं ठेवा, मोठं ठेवा, मग बोला. आणि प्रमाण वजन पेटीतून निघाल्यापासून पारड्यावर जाईपर्यंत नजरेआड होऊ द्यायचं नाही. इथे त्याच्याकडे एकच वजन होतं, लॅबचा तो एक कागद. आणि ते नजरेआडही झालं होतं, तो गाडी लावायला गेला तेवढा वेळ.

परवा चहा घेताना त्याने विचारलं, आवाज शक्य तितका साधा ठेवून:

"त्या दिवशी लॅबमध्ये नंबर लगेच लागला होता ना?"

कप तिच्या ओठांपाशी थांबला. तिने त्याच्या हातातल्या वहीकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "लगेच."

त्याने वही मिटली.

तो गाडी लावायला गेला होता तेव्हा, नंबर लागायच्या वीस मिनिटं आधी, लॅबच्या बाकावर बसून तिने एक केळं खाल्लं होतं.